जुन्या गाडीतलं ब्रेक ऑइल कमी का होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त चाललेल्या गाड्यांसाठी आहे. मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, सँट्रो, इंडिका, बोलेरो अशा गाड्या, म्हणजे साधारणपणे पुढे डिस्क, मागे ड्रम आणि एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. अँबॅसडर, पद्मिनी किंवा जुनी जीप असेल तर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

इंजिन ऑइल जसं थोडं थोडं कमी होतं, तसं ब्रेक ऑइलही होतं का?

नाही. इंजिन ऑइल थोडंफार जळतं. ब्रेक ऑइल मात्र बंद नळ्यांमध्ये असतं, ते जळत नाही आणि खर्चही होत नाही. पातळी उतरण्याची कारणं दोनच: एक तर पुढचे पॅड (डिस्कला घासून गाडी थांबवणारे तुकडे) झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. म्हणून दर सर्व्हिसिंगला टाकीत ऑइल भरून ‘टॉप-अप केलं’ असं सांगितलं गेलं, तर किती भरलं आणि का भरावं लागलं हे विचाराच. भरलेल्या टाकीमुळे गळती झाकली जाते, थांबत नाही.

पातळी नेमकी कशी बघायची?

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद आणि थंड. बहुतेक गाड्यांत बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला, मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा पंप) बसवलेली पांढरट प्लास्टिकची टाकी दिसते. तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली असतो, तिथे झाकण उघडूनच बघावं लागतं.

जुन्या टाकीचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि आतून तपकिरी थर धरतं. त्या थराची वरची कड हुबेहूब ऑइलच्या पातळीसारखी दिसते आणि इथेच बरेच जण फसतात. मोबाइलचा टॉर्च टाकीच्या मागून धरा आणि दुसऱ्या हाताने गाडीला फेंडरपाशी हलका हिसका द्या. जी रेघ हलली ती पातळी, जी जागची हलली नाही तो डाग.

झाकण उघडायची गरज असेल तर आधी टाकी आणि झाकण दोन्ही कोरड्या फडक्याने पुसा. मास्टर सिलिंडरचा कप (आतला रबरी सील) खराब व्हायला रेतीचा एक कणही पुरतो. बघून झालं की टाकीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून आजच्या पातळीला पेनाने खूण करा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढचा सगळा तपास या खुणेवरच चालतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. बहुतेक गाड्यांत टाकीच्या आत एक पडदा असतो, कारण ब्रेकचे दोन वेगळे सर्किट (ऑइलचे मार्ग) असतात. खालच्या अंगाला एक कप्पा भरलेला आणि दुसरा उतरलेला दिसला, तर गळती त्या उतरलेल्या सर्किटवर आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कोणता कप्पा कोणत्या चाकांचा हे पाहिलं की शोध निम्म्यावर येतो. चारही चाकांना ड्रम असलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत एकच सर्किट असतं. तिथे एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो, त्यामुळे या गाड्यांत मिनच्या खालची पातळी चालवून घेऊ नका.

पातळी मिनपर्यंत उतरली आहे. आधी ऑइल भरू की आधी कारण शोधू?

आधी पुढचे पॅड बघा. पॅडवरचं मटेरियल २-३ मिलिमीटरच उरलं असेल तर कारण सापडलं. अशा वेळी वरून ऑइल भरू नका. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन मागे ढकलावा लागतो आणि त्यामागचं ऑइल टाकीत परत येतं. आधीच मॅक्सपर्यंत भरलेलं असेल तर ते झाकणातून उतू जातं आणि खालच्या पत्र्याचा रंग उखडतं.

पॅड झिजल्यामुळे पातळी किती उतरते?

याचा हिशोब घालता येतो. छोट्या गाडीच्या कॅलिपरचा पिस्टन साधारण ४८ मिलिमीटर व्यासाचा धरा. नवे पॅड पूर्ण झिजेपर्यंत दोन्ही पॅड मिळून सुमारे १५ मिलिमीटर जाडी जाते आणि पिस्टन तेवढा बाहेर येतो. त्याच्या मागे भरलेलं ऑइल होतं २७ मिली. दोन्ही चाकांचं मिळून ५० ते ५५ मिली, म्हणजे जवळजवळ एक कटिंग चहा. पण हे पॅडच्या अख्ख्या आयुष्यात, हजारो किलोमीटरमध्ये हळूहळू होतं.

मागच्या ड्रमचा हिशोब वेगळा. तिथला पिस्टन जेमतेम १७-१९ मिलिमीटरचा. लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) पूर्ण झिजले तरी एका चाकामागे दोन-तीन मिली ऑइल जास्तीचं लागतं, चमचाभरही नाही. म्हणून ‘मागचे लायनर झिजलेत, त्यामुळे ऑइल कमी झालं’ हे उत्तर कोणी दिलं तर ते मान्य करू नका. लायनर झिजले की पेडल खाली जातं, टाकी रिकामी होत नाही.

तेव्हा अंदाज असा: वर्ष-दोन वर्षांत पातळी मॅक्सवरून मिनकडे आली आणि पॅडही तेवढेच झिजले असतील तर ठीक. महिन्याभरात उतरली, किंवा नवे पॅड असूनही उतरली, तर ती गळतीच.

गळती शोधायला कुठून सुरुवात करू?

मागच्या चाकांपासून, कारण जुन्या गाडीत व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) बऱ्याचदा आधी गळायला लागतो. टायरची आतली बाजू, म्हणजे गाडीखालच्या अंगाची, टॉर्चने बघा. तिथे ओलसर, धूळ चिकटून काळपट झालेला पट्टा दिसला किंवा ड्रमच्या मागच्या प्लेटच्या तळाशी थेंब दिसला, तर ड्रम उघडायचाच. त्यासाठी चाकांना दगड किंवा ओंडका लावा, जॅकवर विसंबून न राहता खाली स्टँड द्या, हँडब्रेक सोडा. आत व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. बोथट स्क्रूड्रायव्हरने टोपीची कड जरा उचला. आत नुसता ओशटपणा असेल तर चालतं. थेंब घरंगळला की आतला कप गेला.

मग पुढची चाकं. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीची रबरी टोपी फाटलेली आहे का, तिच्यात ओल आहे का ते बघा. स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून रबरी होज पाइप पूर्ण ताणा आणि बोटांनी वाकवून बघा. बारीक भेगा, फुगवटा किंवा टोकाशी ओल असेल तर होज बदलायचा. एका बाजूचा गेला असेल तर दुसराही त्याच वयाचा आहे, दोन्ही बदला.

त्यानंतर गाडीखालून जाणारे लोखंडी पाइप, ज्यांना गॅरेजमध्ये बंडी पाइप म्हणतात. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा गोव्यात वावरणाऱ्या गाडीचे हे पाइप आधी तपासा. खारी हवा आणि पावसाळी चिखल यांनी पाइप जिथे क्लिपमध्ये अडकवलेला असतो तिथेच कुजतो, कारण क्लिपखाली ओल अडकून राहते. मागच्या अॅक्सलवरचा आणि पेट्रोल टाकीच्या वरून जाणारा भाग सहसा कोणी बघत नाही, तो बघा. पापुद्रे सुटलेला पाइप खरवडून, रंग लावून वापरू नका. जोरात ब्रेक मारल्यावर आत जबरदस्त दाब तयार होतो आणि पातळ झालेला पाइप नेमका तेव्हाच फुटतो. कापून मध्ये रबरी नळी जोडणं हा तर सरळ जिवाशी खेळ आहे.

गळती बारीक असेल आणि दिसत नसेल तर रात्री चारही चाकांखाली आणि इंजिनखाली वर्तमानपत्राचे कागद पसरा, इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा जोरात दाबा आणि सकाळी कागद बघा. पावसात गाडी आधी रात्रभर सुकू द्या, नाहीतर सगळेच कागद ओले मिळतील.

डाग ब्रेक ऑइलचाच आहे हे कसं ओळखायचं?

वाटीभर पाण्यात एक थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, शॉकअॅब्सॉर्बरचं ऑइल, सगळी वर तरंगतात आणि तवंग धरतात. ही परीक्षा घरच्या घरी होते आणि मोठा गोंधळ वाचवते.

ओम्नी, बोलेरो यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत तर ती जरूर करा. तिथे अॅक्सलचा ऑइल सील गेला तरी मागचा ड्रम आतून भिजतो आणि घाईत व्हील सिलिंडर बदलला जातो. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ, निसरडं, फिकट पिवळसर. जुनं झालं की चहासारखं. कूलंट हिरवा किंवा गुलाबी असतो, पण तोही पाण्यात मिसळतो, म्हणून रंगाकडेही बघा. चाखून बघू नका. विषारी आहे.

बाहेर कुठेच ओल नाही, तरी पातळी उतरतेच आहे. ऑइल जातं कुठे?

बहुतेक वेळा बूस्टरमध्ये, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्यात. मास्टर सिलिंडरचा मागचा सील गेला की ऑइल बाहेर न येता थेट व्हॅक्यूम बूस्टरच्या डब्यात उतरतं. डबा मोठा असतो, बरंच ऑइल आत साठतं आणि जमिनीवर एक थेंब पडत नाही. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला टेकतो तिथे खालच्या बाजूचा रंग फुगलेला किंवा सोललेला आहे का बघा. खात्रीसाठी तिथले दोन नट सोडून मास्टर सिलिंडर पाइप न काढता जेमतेम सेंटिमीटरभर पुढे घ्या. मागे ओल दिसली तर निदान पक्कं. नुसता मास्टर सिलिंडर बदलून भागत नाही, बूस्टरमधलं ऑइलही काढावं लागतं, आणि त्याचा पडदा भिजून फुगला असेल तर बूस्टरही जातो. पेट्रोल गाडीत हे ऑइल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनमध्ये ओढलं गेलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.

बूस्टर नसलेल्या गाडीत हाच सील गेला की ऑइल आतल्या बाजूला, पेडलच्या दांड्यावरून ओघळतं. पायाखालचं मॅट उचलून बघा.

दुसरी शक्यता क्लचची. काही गाड्यांत हायड्रॉलिक क्लच ब्रेकच्याच टाकीतून ऑइल घेतो. मग गळती क्लचच्या सिलिंडरला असते आणि आपण मात्र चाकांपाशीच शोधत राहतो.

पेडल दाबून काय कळतं?

बरंच. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. मग एकदा घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा.

पेडल जागेवर राहिलं तर उत्तम. हळूहळू खाली सरकत गेलं आणि टाकीतली पातळीही उतरतेय, तर बाहेर गळती आहे. सरकतंय पण पातळी आठवडाभर तशीच आहे, तर मास्टर सिलिंडरचे आतले कप गेलेत. ऑइल कपाच्या कडेने मागे येतं, बाहेर पडत नाही. स्पंजसारखं मऊ लागलं तर आत हवा आहे. पहिल्या दाबाला खूप खाली आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत असेल तर आधी मागचे लायनर अॅडजस्ट करून बघा, हवा त्यानंतर.

पातळी बरोबर आहे, पण घाट उतरताना पेडल एकदम खाली गेलं. का?

ऑइल जुनं आहे. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. डॉट ३ या प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही हद्द १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आंबेनळी किंवा आंबोलीसारखा लांब घाट सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर कॅलिपर भयंकर तापतात, ऑइलमधलं पाणी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पेडल पोकळ लागतं. गाडी थांबून थंड झाली की ब्रेक परत आल्यासारखा वाटतो. त्यावर विसंबून पुढचा घाट उतरू नका, सगळं ऑइल बदला. आणि घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, उतार उभा असेल तर पहिल्यात उतरा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते किंवा तडकते.

डॅशबोर्डवरचा लाल दिवा कधी लागतो, कधी विझतो. त्याचा अर्थ?

बऱ्याच गाड्यांत हा दिवा हँडब्रेक आणि ऑइलची पातळी या दोन्हींसाठी एकच असतो. वळणावर, चढावर किंवा ब्रेक मारल्यावर क्षणभर लागत असेल तर टाकीतलं ऑइल एका बाजूला जातं तेव्हा फ्लोट (ऑइलवर तरंगणारा सेन्सरचा भाग) खाली बसतो, म्हणजे पातळी मिनच्या आसपास आहे. पातळी भरपूर असून दिवा लागत असेल तर हँडब्रेकचा स्विच बघा.

उलट बाजूही तपासा. हँडब्रेक ओढल्यावर दिवा लागला म्हणजे बल्ब चांगला, एवढंच सिद्ध होतं. सेन्सर वेगळा. चावी ऑन ठेवून, हँडब्रेक सोडून, फ्लोट हाताने खाली दाबा किंवा झाकणाला जोडलेला असेल तर झाकण उचला. दिवा लागायला हवा. जुन्या गाडीत वायर तुटलेली किंवा फ्लोट अडकलेला सापडणं नवं नाही.

कोणतं ऑइल घालायचं? डॉट ३ मध्ये डॉट ४ चालतं का?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, मिसळलं तरी बिघडत नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते घालायचं नाही. डॉट ५.१ नावाने जवळचं असलं तरी ते डॉट ४ च्याच कुळातलं आहे. डबा सीलबंदच घ्या. वर्षभर माळ्यावर पडलेला अर्धा डबा बाष्पाने भरलेला असतो, तो वापरू नका.

चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल पडलं तर?

गाडी सुरू करू नका, पेडलला पायही लावू नका. फक्त टाकीपुरतं असेल तर टाकी काढून, स्वच्छ करून निभावतं. पेडल दाबलं गेलं असेल आणि दिवस गेले असतील तर खनिज तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं: मास्टर सिलिंडरचे कप, व्हील सिलिंडरचे कप, कॅलिपरचे सील, होज, सगळं. पहिली खूण झाकणातच मिळते. झाकणाखालचं रबर फुगून परत जागेवर बसत नाही. तेव्हा सगळी रबरं बदलून पाइप धुवावेच लागतात. याच कारणाने ब्रेकचे भाग पेट्रोल-डिझेलने धुऊ नका; ब्रेक क्लीनर वापरा.

व्हील सिलिंडरला किट (नव्या रबरी कपांचा संच) टाकावं की नवा बसवावा?

सिलिंडरच्या आत बोट फिरवा. गुळगुळीत असेल तर किट चालेल. खरखरीत किंवा खड्डे लागले तर नवा. गंजलेल्या सिलिंडरमध्ये नवा कपही काही महिन्यांत कापला जातो. ऑइलने भिजलेले लायनर मात्र दोन्ही बाजूंचे बदलायचे. घासून वरून कोरडे दिसतात, पण गरम झाले की मुरलेलं ऑइल पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

हवा काढताना कोणत्या चुका होतात?

टाकी रिकामी होऊन हवा आत गेली असेल तर नुसतं भरून उपयोग नाही, हवा काढावीच लागते. दोन माणसं, निपलवर (चाकापाशी हवा सोडायचा छोटा स्क्रू) बसणारी पारदर्शक नळी, तळाशी थोडं ऑइल असलेली बाटली. नळीचं टोक ऑइलात बुडालेलं हवं. दाबा, धरा, निपल सोडा, निपल बंद करा, मग पेडल सोडा. हा क्रम चुकला की हवा परत आत जाते. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे घ्या. पूर्ण ऑइल बदलायला छोट्या गाडीला अर्धा ते एक लिटर लागतं.

सर्वांत महाग चूक अशी: जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबलं जातं. रोजच्या वापरात कप जिथपर्यंत जात नाहीत त्या भागात मास्टर सिलिंडर आतून खडबडीत झालेला असतो. कप तिथे घासले की कापले जातात, आणि सकाळपर्यंत चांगला असलेला मास्टर सिलिंडर संध्याकाळी जातो. पेडलखाली दीड-दोन इंचाचा लाकडी ठोकळा ठेवा.

निपल गंजलेला असेल तर जोर लावू नका, मोडतो. आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. कितीही काढली तरी हवा संपत नसेल तर कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल झालेत का बघा. निपल वरच्या टोकाला हवा. तो खाली आला की वरची हवा कधीच निघत नाही.

अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवत न्यावी का?

पेडल घट्ट आहे, अर्धा मिनिट दाबून सरकत नाही, कुठेही ओल नाही, फक्त पातळी मिनला टेकली आहे: हळू, अंतर ठेवून न्या. पेडल सरकतंय, चाकापाशी ओल आहे किंवा टाकी तळाला गेली आहे: टो करून न्या. घर ते गॅरेज दोन किलोमीटर असलं तरी.

चालत्या गाडीत ब्रेक लागलाच नाही तर?

पेडल भराभर पंप करा, काही दाब परत येऊ शकतो. गिअर एकेक करून खाली आणा, इंजिन बंद करू नका. हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हळूहळू ओढा. एकदम ओढलात तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल.

सांडलेल्या आणि जुन्या ऑइलचं काय करायचं?

रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. काढलेलं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका आणि सॉफ्ट ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका, पोरं आणि कुत्री दोघांनाही धोका आहे. झाकणबंद डब्यावर नाव लिहून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

दुरुस्तीनंतर पातळी किती दिवस बघायची?

पहिला आठवडा रोज सकाळी, गाडी काढण्याआधी. नंतर महिनाभर आठवड्यातून एकदा, त्याच सपाट जागेवर, त्याच चिकटपट्टीच्या खुणेशी लावून. पहिल्या दोन-तीन दिवसांत पातळी किंचित हलली तर उरलेली हवा वर आली असू शकते. त्यानंतर खूण आणि पातळी यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला, तर पुन्हा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा.